बसून मोजलेली नाडी

"उभं करून कधी मोजली होती का?" डॉक्टरबाईंनी विचारले. वहीवरून नजर न उचलता, अर्जातला एखादा राहून गेलेला रकाना दाखवावा तितक्या साधेपणाने. मल्हारी गडदे सव्वीस वर्षे विज्ञान शिकवीत होता. वर्गात कुणी काही विचारले की उत्तर आधीच तयार असल्यासारखा त्याचा उजवा हात खडूकडे जाई. आता तो हात गुडघ्यावर तसाच राहिला. दौंड स्टेशनच्या मागच्या गल्लीतला तो दवाखाना, दर शनिवारी पुण्याहून येणाऱ्या या हृदयरोगाच्या डॉक्टर, पलीकडच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली हर्षदा, आणि टेबलावर उघडी पडलेली त्याची वही: सगळे पूर्वीसारखेच होते. फक्त त्या प्रश्नानंतर वहीतले दोनशे अकरा आकडे एकाएकी दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखे दिसू लागले. वही त्याने अभिमानाने पुढे केली होती. लाल शाईने आखलेले सहा रकाने, तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, खोलीचे तापमान, ठोके आणि शेरा. सगळ्या नोंदी पूर्ण मिनिट मोजून घेतलेल्या, कारण पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणे त्याला कधीच प्रामाणिक वाटले नव्हते. डॉक्टरबाईंनी पाने भराभर उलटली होती. त्यांचे बोट थांबले ते जानेवारीतल्या एका नोंदीवर, कारण दोनशे अकरांपैकी तेवढ्या एकाच ठिकाणी त्याने ठोक्यांपुढे कंसात एक जादा शब्द लिहिला होता: आडवी.

मग त्यांनी हर्षदाला दहा मिनिटे तपासणीच्या पलंगावर निजवले. मदतनीस बाई जेवायला गेली होती. "तुम्हाला मोजता येते ना, मग तुम्हीच धरा," असे म्हणून त्यांनी मुलीचे मनगट त्याच्याकडे दिले आणि स्वतः दुसऱ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. निजलेली नाडी शहात्तर. नंतर तिला उभे केले. भिंतीला टेकायचे नाही, बोलायचे नाही, पाय हलवायचे नाहीत. पहिल्या मिनिटाला त्याने एकशे चार मोजले आणि आपले चुकले असावे असे समजून डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्या मिनिटाला एकशे अठरा. रक्तदाब जवळजवळ होता तिथेच. सातव्या मिनिटाला त्याच्या तीन बोटांखाली जे चालले होते त्याला ठोके म्हणणे कठीण होते. मुठीत धरलेले पाखरू सुटायला धडपडते तसे काहीतरी त्या चिंचोळ्या मनगटात अडकलेले होते, आणि मोजता मोजता तो ऐंशीच्या पुढे कुठेतरी हरवला. आयुष्यात प्रथमच त्याला मोजणी पुन्हा सुरू करावी लागली. एकशे एकतीस. हर्षदा समोरच्या भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे पाहत होती. तिचे ओठ पांढरे होत गेले, पावले जांभळट तांबूस झाली, बोटे थंड पडली. पण चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. तिला हे सगळे जुने होते. नवे फक्त त्याला होते. चौदा महिन्यांत त्याने आपल्या उभ्या मुलीचा हात प्रथमच धरला होता. "बस" हा शब्द त्याच्या घशापर्यंत आला, पण तो डॉक्टरबाईंनी उच्चारला.

त्यांनी चिठ्ठीवर चार इंग्रजी शब्दांचे नाव लिहिले. नाव कळले की निम्मे कळले असे तो मुलांना सांगत आला होता. हे नाव त्याने मनातल्या मनात सोडवून पाहिले तेव्हा त्यातून निघाले ते इतकेच, की उभे राहिले की हृदय धावते. कशाने, ते नावात नव्हते. डॉक्टरबाईंनी समजावले: उभे राहताच रक्त पायांकडे उतरते, शिरांनी आवळून ते वर ढकलायचे असते, हिच्या शिरा तेवढ्या आवळत नाहीत, म्हणून हृदय पळून पळून ती तूट भरते. तापानंतर असे कधी कधी होते. मीठ आणि पाणी वाढवायचे, पायांना घट्ट मोजे, सावकाश उठणे, आडव्या स्थितीतला व्यायाम, एक गोळी. काही मुली वर्षा-दोन वर्षांत सुधारतात, काही नाही. कोण सुधारेल ते आधी सांगता येत नाही. मग त्या हर्षदाकडे वळून म्हणाल्या, "हे तुझ्या मनात नव्हतं. अंगातच होतं." त्याला वाटले, आता ती रडेल. ती "बरं" म्हणाली. बोलताना तिने सवयीप्रमाणे तोंडावर हात धरला.

दौंडच्या फलाटावर सिमेंटच्या बाकावर दोघे पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरची वाट पाहत बसले. केडगावला उतरायचे, तिथून चौफुल्यावर, मग न्हावऱ्याची एसटी. नोव्हेंबरातले चार वाजताचे ऊन रुळांवर तिरपे पडले होते. हर्षदाने चपला काढून दोन्ही पाय बाकावर घेतले, मांडी घातली आणि साडीवरची शाल पोटाशी आवळून धरली. गेले वर्षभर ती जिथे तिथे अशीच बसे. पाहुण्यांसमोर खुर्चीत मांडी घालून बसल्याबद्दल त्याने तिला एकदा सुनावलेही होते. आता त्याला कळत होते की पायांत उतरणारे रक्त ती मांडी घालून अडवीत होती. कुणी न शिकवता तिच्या शरीराने एक उपाय शोधला होता आणि त्याने त्याला बेशिस्त म्हटले होते. डबे शंटिंग करीत एक इंजिन पुढे जाई, थांबे, मागे येई. त्याने पिशवीतली वही चाचपली. वही बाहेर काढावीशी वाटली नाही, आणि पिशवीत ठेवावीशीही वाटेना.

सगळे आदल्या वर्षीच्या ऑगस्टातल्या तापापासून सुरू झाले होते. शिरूरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली, आणि कारेगावला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्लास्टिकची झाकणे तपासण्याच्या कामावर लागली. आठ तास ट्यूबलाइटखाली उभे राहून. ताप उतरला, ती कामावर परतली, आणि तिसऱ्या आठवड्यात लाइनवर कोसळली. मुलींनी तिला खाली निजवले, साखर चारली, कंपनीच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी घालून दवाखान्यात नेली, तिथे आडवी असतानाच हृदयाचा आलेख काढला. आलेख नॉर्मल. रक्त नॉर्मल. ती पडे तेव्हा लोक तिला आडवी करीत, आणि आडवी केली की आजार निघून जाई. डॉक्टरापर्यंत पोचायची ती नेहमी एक ठणठणीत मुलगी. तीनदा असे झाल्यावर काम सुटले. एका डॉक्टराने अशक्तपणा म्हटले, दुसऱ्याने टेन्शन, तिसऱ्याने तिच्यासमोरच त्याला सांगितले, सर, लग्नाचं बघा. या तिसऱ्याचा मल्हारीला राग आला होता. पण अहवालांवर त्याचा विश्वास होता. अहवाल नॉर्मल म्हणजे आजार नाही, हे वाक्य त्याने तपासून पाहिले नाही, आणि तपासून न पाहिलेले त्याच्या आयुष्यातले ते बहुधा एकमेव वाक्य असावे. तरीही दुसऱ्यांच्या मोजणीवर किती दिवस विसंबायचे, म्हणून त्याने वही आखली.

रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर एम-एटी गाडी अंगणात लावून तो घरात शिरे, आणि घरातले सगळे उठून उभे राहत. ही त्या घराची रीत होती. मेंढरे घेऊन कोकणच्या वाटेने फिरणाऱ्या घराण्यातला तो पहिला पदवीधर. तो आत आला की त्याची स्वतःची आईसुद्धा भिंतीला धरून उठू लागे, आणि तो दरवेळी तिला हाताने खाली बसवी. हर्षदाही उठे. तो म्हणे, "बस, बस." मग हातपाय धुऊन, चहा घेऊन, पाच मिनिटे जाऊ देऊन तो तिचे मनगट हातात घेई. नाडी विश्रांतीत मोजायची असते, असे पुस्तकात होते. नववीच्या वर्गात तो शिकवी, की प्रयोगात एकच घटक बदलायचा, बाकीचे सगळे स्थिर ठेवायचे, तरच निष्कर्षाला अर्थ. त्याने तापमान लिहिले, जेवण लिहिले, वेळ लिहिली. बसणे त्याने काटेकोरपणे स्थिर ठेवले, इतके स्थिर की तो एक घटक आहे हेच विसरून गेला. रोज संध्याकाळी त्याच्या स्वागताला ती उभी राही तेव्हा आजार त्याच्यासमोर दोन हातांवर उभा राही, आणि तो सौजन्याने त्याला खाली बसवी.

त्याच्या आईने, अनसाबाईने, ते पाहिले होते. पडवीत वाकळेवर बसून दिवसभर तिला दुसरे काम नव्हते. एका संध्याकाळी तो वही मिटत असताना ती म्हणाली, "मल्हारी, म्या बगतीया. बसली का बरी आस्ती. उभी ऱ्हायली का जाती ही. उभ्याचं वारं लागलंय पोरीला." तो हसला होता. बसल्याचे वारे वेगळे असते का, असे त्याने विचारले होते, आणि सिंधूबाई, त्याची बायको, तीही पदराआड हसली होती. पण म्हातारी तिथे थांबली नाही. तिने पोरीच्या कपाळाला भंडारा लावला, बिरोबाला बकरू बोलली, आणि न्हावऱ्याच्या खालच्या आळीतल्या देवऋष्याचे नाव काढले. शाळेच्या मैदानावर ग्लिसरीनचे थेंब टाकून लिंबातून धूर काढून दाखवणारा, अंगात येणाऱ्या बायकांच्या हातातला पेटता कापूर विझवणारा मल्हारी गडदे हे ऐकून घेणे शक्यच नव्हते. त्याने सगळे एकत्र बांधून बाहेर टाकले. आता बाकावर बसून तो ते गाठोडे सोडवीत होता. वारे खोटे होते. बकरू खोटे, भंडारा खोटा. यांतले काहीही मानायची त्याची आजही तयारी नव्हती. पण त्यात एक निरीक्षण होते, शुद्ध आणि संपूर्ण, चार इंग्रजी शब्दांच्या नावात होते तेवढेच आणि तेवढेच. ते करायला तिला घड्याळ लागले नव्हते, आकडे तर तिला विसापुढे येत नव्हते. आईचे बरोबर होते असे तो म्हणू शकत नव्हता. तिने फक्त पाहिले होते, आणि त्याने मोजले होते.

आणि ताक. डिसेंबरात एकदा शाळा लवकर सुटली तर म्हातारी नातीला तांब्याभर ताक पाजत होती आणि त्यात मुठीने मीठ. उन्हात मेंढरू मान टाकू लागले की आम्ही मीठ चाटवायचो, मग ते उठायचे, असे तिने सांगितले. त्याने तांब्या काढून घेतला. मिठाने रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या कडक होतात, हे त्याने दोघींना बसवून समजावले, फळ्यावर काढतो तशी जमिनीवर बोटाने आकृती काढून. म्हातारीने भांडायला हवे होते. तलाठ्याशी, सोसायटीच्या चेअरमनशी, पाटाचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी ती आयुष्यभर भांडत आली होती. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याच्या अंगावर ती कुऱ्हाड घेऊन गेल्याचे गाव अजून सांगे. पण त्याच्या शिक्षणासमोर ती कधी उभी राहिली नाही. "तू शिकल्याला हायेस," ती म्हणाली होती. "तुझं खरं." आणि हात पदराला पुसले होते. ते दोन शब्द त्या वेळी त्याला विजयासारखे वाटले नव्हते, स्वाभाविक वाटले होते. त्या घरात त्याला अडवणारे कुणी नव्हते. सगळ्यांनी मिळून त्याला शिकवले होते, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याचे ऐकले.

इंजिन पुन्हा मागे आले. त्याला जानेवारीचा विचार करायचा नव्हता, म्हणून तो तोच करू लागला. एका मासिकात त्याने भीतीवरचा लेख वाचला होता: ज्याची भीती त्याला थोडे थोडे सामोरे जायचे. हर्षदाला उभे राहण्याची भीती बसली आहे, म्हणून तिला उभे राहण्याची सवय लावायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, मग दर दोन दिवसांनी एकेक मिनिट वाढवीत जायचे. सकाळी सात वाजता, ओट्यावर, हात मोकळे सोडून. तो खाली अंगणात शाळेतले स्टॉपवॉच घेऊन उभा राही. सिंधूबाई त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी आपटी. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आप्पा, छातीत पळतंय." तो म्हणाला, किती, आकडा सांग. तिला सांगता आला नाही. ज्याचा आकडा सांगता येत नाही त्याबद्दल नंतर बोलू, असे त्याने शांतपणे म्हटले; तो कधी ओरडत नसे. वेळ संपली की ती बसे, पाणी पिई, पाच मिनिटे जात, मग तो ओट्यावर चढून नाडी मोजी. चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी. वही तिच्यासमोर धरून तो दाखवी, "बघ." ती पाही आणि मान हलवी. आपले शरीर आपल्याशी खोटे बोलते असे तिला त्या दिवसांत वाटू लागले असणार. घड्याळ त्याच्या हातात होते. मनगट दहा फुटांवर होते. अठरा सकाळी मिळून अडीच तासांहून जास्त ती त्याच्या डोळ्यांसमोर उभी होती आणि त्यातले साठ सेकंद पुरले असते. एकोणिसाव्या सकाळी, चौदा मिनिटे पुरी व्हायला थोडा अवकाश असताना, ती गुडघ्यात न वाकता सरळ पुढे आली. ओट्याच्या दगडी काठावर तोंड आपटले. वरचे दोन दात तुटले. त्याने तिला तिथेच आडवी केली, रक्त पुसले, आणि मग, हे त्याला आज प्रथमच विचित्र वाटले, नाडी मोजली. वहीत त्या दिवशीची नोंद होती: ऐंशी (आडवी). शेरा: तोल गेला.

त्यानंतर तो कार्यक्रम बंद झाला, कारण गरजच उरली नाही. हर्षदाची तक्रार थांबली. फेब्रुवारीपासून शेऱ्याच्या रकान्यात एकच मजकूर होता: तक्रार नाही. नऊ महिने. मार्चमध्ये त्याने एकदा खाली रेघ मारून "सुधारणा" असेही लिहिले. ऑक्टोबरात एका दुपारी सिंधूबाई शेतावरून अवेळी परतली तेव्हा रिकाम्या घरात हर्षदा स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत रांगत चालली होती. बावीस वर्षांची मुलगी, तोंडात कळशीचा दोर धरून. आईला पाहून ती थांबली आणि म्हणाली, अशीच बरी पडते गं. उठत-बसत वेळ जातो. सिंधूबाईने नवऱ्याला काही विचारले नाही. शेजारच्या नीलमच्या जावेला दौंडच्या शनिवारच्या डॉक्टरांनी बरे केले होते, तिच्याकडून तिने पत्ता आणला, नंबर लावला, आणि आदल्या रात्री पिशवी भरून त्याच्यासमोर ठेवली. "वही घेऊन जावा," एवढेच म्हणाली. त्यात टोमणा होता की नव्हता, हे त्याला तेव्हा कळले नाही.

पॅसेंजर आली. डबा खचाखच भरलेला नव्हता, पण बसायला जागा नव्हती. हर्षदा दाराजवळच्या पत्र्याला पाठ लावून उभी राहिली. एरवी त्याला काही वाटले नसते. पाटस, कडेठाण, मग केडगावच तर होते. आज तो आतल्या बाकापर्यंत गेला आणि खिडकीशी बसलेल्या, रेल्वेच्या निळ्या डगल्यातल्या माणसाला म्हणाला, की माझ्या मुलीला जागा द्याल का, तिला उभे राहवत नाही. "क्या हुआ है उसको?" माणसाने विचारले. मल्हारीने सांगायला तोंड उघडले. उभी राहिली की, तो म्हणाला. उभी राहिली की तिचे हृदय... माणसाने वळून दाराकडे पाहिले: धडधाकट तरुण मुलगी, अंगावर शाल, हातपाय शाबूत, डोळे शांत. त्याने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि त्याच्या भुवया किंचित उंचावल्या. नाटक आहे, असे तो म्हणाला नाही. तो भला माणूस होता, उठलाही. पण ती नजर मल्हारीच्या ओळखीची होती. चौदा महिने ती त्याने आतून पाहिली होती. आज प्रथम समोरून. हर्षदा आली, बसली, पाय वर घेतले. तिने त्या माणसाचे आभार मानले नाहीत, आणि बापाकडे पाहिले नाही. अशा जागा तिने पूर्वी मागितल्या असतील, कितीदा, आणि नंतर मागणे सोडून दिले असेल, हे तिच्या बसण्यातून कळत होते.

खिडकीबाहेर उसाची रांग सुरू झाली, संपली, पुन्हा सुरू झाली. त्याने घरी गेल्यावर काय करायचे ते ठरवायला घेतले. आईला सांगायचे, की ताकात मीठ घालत जा. ती विचारणार नाही की आता का. ती नुसती उठेल, भिंतीला धरून, आणि घालेल. वहीत सातवा रकाना आखायचा. मग त्याला दिसले की सातवा रकाना आखून काही होणार नाही, कारण एक रकाना असा होता जो आकड्यांनी भरत नव्हता, शेऱ्याचा. तो भरायला दुसऱ्या माणसाने बोलावे लागते. आणि तिचे बोलणे त्याने अठरा सकाळी शांतपणे, न ओरडता, एकेक मिनिट वाढवीत मोडून काढले होते. आजाराला मीठ होते, मोजे होते, गोळी होती. याला काय, ते चिठ्ठीत नव्हते. तरीही, त्याने स्वतःला सांगितले, आजपासून विचारायचे. ती सांगेल ते आकड्याशिवाय घ्यायचे.

केडगावला उतरताना त्याने तिचा हात धरला. फलाट खाली होता. पायरीवरून ती जपून उतरली, चार पावले चालली, आणि कडुलिंबाखालच्या लोखंडी खांबाला धरून थांबली. गाडी पुढे सरकली. तिचे ओठ पांढरे होत होते, कपाळावर घाम होता, आणि गळ्याच्या खाचेत काहीतरी थडथड उडताना त्याला शालीच्या वरून, इतक्या अंतरावरून, उघड्या डोळ्यांनी दिसत होते. हे कधीही दिसले असते.

"हर्षदा," तो म्हणाला, "काय होतंय? सांग."

तिने त्याच्याकडे पाहिले. तोंडावर हात नेला.

"काही नाही, आप्पा."

"नाही, मला सांग. आकडा नको."

ती थोडे हसल्यासारखी झाली. मग खांबाला धरून धरून बाकापाशी गेली, बसली, पाय वर घेऊन मांडी घातली, आणि फलाटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. तो समोर उभा होता. काटा सरकत होता. ओठांवर हळूहळू रंग आला, गळ्याची खाच शांत झाली. बरोबर पाच मिनिटे झाल्यावर तिने, न सांगता, शालीतून डावे मनगट काढून त्याच्यापुढे धरले.

त्याने पूर्ण मिनिट मोजले. ब्याऐंशी. वहीतल्या सगळ्या आकड्यांसारखा हाही खरा होता.